विश्लेषण : घरच्या गॅरेजमध्ये दुचाकी उघडायची, पण कुठवर?

कर्कश आवाजाचे सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे राज्यातील कुठल्या ना कुठल्या शहरातून अधूनमधून येत असतात. दुसरीकडे घराच्या अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुनी राजदूत, येझदी किंवा आरएक्स १०० सुटी करून पुन्हा उभी करणाऱ्यांच्या चित्रफिती लाखो लोक पाहतात. पाना दोन्हीकडे तोच असतो. मग एकाचे कौतुक आणि दुसऱ्यावर कारवाई, असे का? स्वतःची गाडी स्वतः उघडण्याचा अधिकार मालकाला कितपत आहे, संगणक बसवलेल्या नव्या दुचाकींमध्ये तो कितपत उरला आहे आणि घरी काम करताना जिवाला धोका कुठे असतो, याचा हा आढावा.

घरी दुचाकी दुरुस्त करण्यास बंदी आहे का?

नाही. आपली खासगी गाडी अधिकृत केंद्रातच दुरुस्त करून घेतली पाहिजे, असे बंधन मोटार वाहन कायदा, १९८८ मालकावर घालत नाही. ऑइल बदलणे, प्लग साफ करणे, चेन ताणणे, क्लच प्लेट किंवा ब्रेक शू बदलणे, एवढेच काय, पूर्ण इंजिन उघडून रिंग-पिस्टन बदलणे, ही सारी दुरुस्ती आहे. काम झाल्यावर गाडी कंपनीने जशी बनवली होती तशीच उभी राहत असेल, तर त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. गाडी कोणी उघडली यापेक्षा ती रस्त्यावर कोणत्या स्थितीत उतरली, याकडे कायदा पाहतो.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली, गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटी पुस्तिकेतील अटी वाचल्याशिवाय इंजिनाला किंवा वायरिंगला हात लावू नये. पुढे त्याच भागात बिघाड झाला तर कंपनी दावा नाकारू शकते. दुसरी, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्या पैसे घेऊन दुरुस्त करू लागल्यास तो छंद राहत नाही, व्यवसाय होतो. मग स्थानिक स्वराज्य संस्थेचे परवाने आणि निवासी जागेचे नियम लागू होतात.

मग ‘मॉडिफिकेशन’ बेकायदा कधी ठरते?

याचे उत्तर कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ स्पष्ट केला. उत्पादकाच्या मूळ वैशिष्ट्यांना छेद देणारा रचनात्मक बदल चालणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. रंग बदलण्यासारख्या गोष्टी रचनेत बसत नाहीत. त्या करता येतात, मात्र त्यांची नोंद प्रमाणपत्रात करून घ्यावी लागते. इंजिन बदलायचे असेल तर परिवहन कार्यालयाची मान्यता आणि नव्या इंजिन क्रमांकाची नोंद आवश्यक आहे.

याच कलमात एक महत्त्वाची सोयही आहे. दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी गाडीत बदल करता येतात. दुचाकीला मागे जोडचाके बसवणे हे त्याचे नेहमी दिसणारे उदाहरण. असे वाहन परिवहन कार्यालयाच्या मान्यतेने ‘रूपांतरित वाहन’ म्हणून नोंदवले जाते. म्हणजे प्रत्येक बदलाला कायद्याचा विरोध नाही. बदल तपासला जावा आणि नोंदवला जावा, एवढी अपेक्षा आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने दंड वाढवला. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद कलम १८२-अ मध्ये आहे. आवाज, प्रदूषण आणि रस्ता सुरक्षेचे निकष मोडल्यास कलम १९० नुसार पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्याबरोबर तीन महिन्यांसाठी वाहन परवान्यावरही पाणी सोडावे लागते.

गाडी ‘हलकी आणि देखणी’ करण्याच्या नादात सर्वात आधी जे भाग काढले जातात, तेच नेमके सुरक्षेसाठी असतात. मागे बसणाऱ्यासाठी हातपकड, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारे आवरण, या तिन्ही गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ नुसार सक्तीच्या आहेत. या आवरणालाच आपण साडी गार्ड म्हणतो. पदर, ओढणी किंवा शाल आऱ्यांत अडकून मागे बसलेली व्यक्ती फेकली जाऊ नये, एवढ्यासाठी ते असते. ते काढल्याने गाडीचे वजन किलो-दीड किलोने घटत असेल, पण धोका घरातल्याच माणसाला असतो.

विम्याचा प्रश्नही इथेच येतो. गाडीत केलेला मोठा बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल, तर अपघातानंतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईवरून वाद उभा राहतो.

सायलेन्सर मोकळा केल्याने ताकद वाढते का?

हा गॅरेजमधला सर्वात जुना समज आहे. त्यात थोडे तथ्य आहे, पण ते शर्यतीच्या गाड्यांपुरते. टू-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सरचा फुगीर पाइप हा इंजिनाचाच भाग असल्यासारखा काम करतो. जळालेला वायू बाहेर पडताना दाबाची एक लाट पुढे जाते, पाइपच्या निमुळत्या टोकावर आपटून मागे फिरते आणि सिलिंडरमधून निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत ढकलते. ही लाट नेमक्या वेळी परत यावी, असा त्या पाइपचा आकार व लांबी ठरवलेली असते. आतली जाळी काढली किंवा पाइप कापला की हे वेळापत्रक बिघडते. आवाज वाढतो, त्यामुळे गाडी जोरात पळते आहे असे वाटते. प्रत्यक्षात कमी वेगात ओढ घटते आणि पेट्रोल जास्त लागते.

बीएस-६ गाडीत तोटा याहून मोठा आहे. तिच्या एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या धातूंचा पातळ थर दिलेली ही जाळी विषारी वायूंचे रूपांतर कमी घातक वायूंत करते. जवळच ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याने पाठवलेल्या माहितीवर इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, पेट्रोलचे प्रमाण ठरवतो. एक्झॉस्टची रचना बदलली की ईसीयूला चुकीची माहिती मिळू लागते. गाडी झटके मारते, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा पेटतो आणि पीयूसी तपासणीत गाडी अडकते. आवाजाचे गणितही सरळ नसते. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट होते. त्यामुळे मीटरवर किरकोळ वाटणारा फरक रात्री अकरा वाजता सगळ्या गल्लीला जागे करतो.

पूर्वी घराघरांत गाड्या कशा उघडल्या जात?

त्या काळच्या गाड्यांची रचनाच उघडून पाहण्यासारखी होती. आकुर्डीत बनणारी चेतक, म्हैसूरची येझदी किंवा १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेली ९८ सीसीची आरएक्स १००, यांच्या टू-स्ट्रोक इंजिनांत हलणारे भाग मोजके होते. व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत. बंद पडली की तीन गोष्टी पाहायच्या. पेट्रोल येते का, ठिणगी पडते का आणि किक मारताना दाब लागतो का. या तीन प्रश्नांतच बहुतेक बिघाडांचे उत्तर मिळे. प्लग काढून तो सिलिंडरच्या हेडला टेकवायचा आणि किक मारून ठिणगी पाहायची, ही तपासणी तेव्हा कॉलेजातल्या मुलालाही येत असे. हेच काम आज करायचे असेल तर प्लगचे भोक झाकून, सांडलेले पेट्रोल पुसूनच करावे. त्या भोकातून बाहेर येणारी वाफ त्याच ठिणगीने पेटू शकते.

कार्ब्युरेटरही असाच समजण्याजोगा होता. हवा अरुंद नळीतून वेगाने गेली की तिथला दाब घटतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल जेटमधून वर ओढले जाते. जेटमध्ये कचरा अडकला की गाडी बंद. तो काढून फुंकर मारली की सुरू. हाताने केलेल्या कामाचा परिणाम लगेच कानाला ऐकू येई, आणि त्यातूनच शिकणे होई.

महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासातही अशा छोट्या दुकानांना जागा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावातील सायकलच्या दुकानापासून झाली. तिथून लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी असा प्रवास झाला. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या पट्ट्यात आजही लेथवर सुटा भाग कातून देणारे कारागीर सापडतात. बाजारात मिळत नसलेला बुश किंवा बोल्ट मोजून नवा बनवून घेता येतो.

मात्र कल्पकता असली म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य ठरते, असे नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातील एका कारागिराने जुन्या गाड्यांच्या भागांतून बनवलेली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी त्या कौशल्याचे मनापासून कौतुक केले, पण ही गाडी कोणत्याच नियमात बसत नसल्याचेही सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. ती जानेवारी २०२२ मध्ये त्या कुटुंबाला मिळाली. घरच्या कार्यशाळेला काय जमते आणि कायदा कुठे थांबवतो, हे दोन्ही त्या एका घटनेत दिसले.

बीएस-६ नंतर नेमके काय बदलले?

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ निकष लागू झाले. इंधनातील गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आले. दुचाकींमध्ये कार्ब्युरेटर जाऊन इंधन इंजेक्शन आले. टाकीतला पंप पेट्रोलला दाब देतो, इंजेक्टर ते फवारतो आणि किती फवारायचे हे ईसीयू ठरवतो. त्यासाठी थ्रॉटल, हवेचा दाब, इंजिनाचे तापमान आणि एक्झॉस्टमधील ऑक्सिजन यांची माहिती सेन्सर सतत देत असतात. त्याआधीच, एप्रिल २०१९ पर्यंत १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्या दुचाकींना संयुक्त ब्रेक सक्तीचे झाले होते.

याचा फायदा हवेला आणि चालकाला दोघांनाही झाला. थंडीत चोक ओढत बसावे लागत नाही आणि ओल्या रस्त्यावर चाक चटकन अडकून घसरत नाही. पण घरच्या गॅरेजचे स्वरूप बदलले. गाडी बंद पडली तर फुंकर मारायला जेटच नाही. बिघाडाचा संकेतांक ईसीयूमध्ये साठवलेला असतो. तो वाचायला यंत्र लागते आणि त्याचा अर्थ कळायला कंपनीची सेवा-पुस्तिका लागते. नवा सेन्सर बसवल्यावर काही गाड्यांत तो संगणकाला ‘ओळखवून’ द्यावा लागतो. म्हणजे पाना मालकाच्या हातात आहे, पण माहितीची किल्ली दुसऱ्याकडे आहे.

‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणजे काय?

हीच किल्ली मालकाला आणि स्वतंत्र मेकॅनिकला मिळावी, अशी जगभर मागणी आहे. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे तिने निवडली. २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळ सुरू झाले. उत्पादकांनी सेवा-पुस्तिका, सुट्या भागांची माहिती आणि वॉरंटीच्या अटी एका जागी द्याव्यात, ही त्यामागची कल्पना आहे.

त्याआधीचा मोठा टप्पा चारचाकींचा आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना मिळू न देणे, हा आक्षेपाचा मुद्दा होता. हा वाद पुढे अपिलांत गेला. पण दुरुस्तीची माहिती अडवणे ही बाजारातील मक्तेदारी ठरू शकते, हे तत्त्व त्यातून अधिकृतपणे मांडले गेले. गावातल्या मिस्त्रीचा धंदा टिकेल की नाही आणि सर्व्हिसिंगचे बिल किती येईल, हे बऱ्याच अंशी याच प्रश्नावर अवलंबून आहे.

जुनी गाडी पुन्हा उभी करायची असेल तर?

खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर योग्यता तपासणी करून तिचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. त्यामुळे भंगारातून किंवा नातेवाइकांच्या गोठ्यातून गाडी आणण्यापूर्वी तिची कागदपत्रे पाहावीत. चॅसिस आणि इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी जुळतात का, हे तपासावे. कागद नसलेली गाडी कितीही चकाचक केली तरी रस्त्यावर आणता येत नाही.

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांचे स्वतंत्र नियम आले. अशा गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही इंग्रजी अक्षरे असतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती दहा वर्षे चालते. अट एकच, पण कडक. गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. शिवाय अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी चालवता येत नाही. म्हणजे इथेही कसोटी तीच आहे, मूळ रूपाची.

जुन्या गाड्यांपुढे आता इंधनाचाही प्रश्न आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्यास २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर टाकी आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत गंज धरण्याचा धोका वाढतो. काही जुन्या वाहनांतील रबरी भाग आणि गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात, हे केंद्र सरकारनेही मान्य केले आहे. त्यामुळे जुनी गाडी उभी करताना पेट्रोलच्या नळ्या, कॉकचे पॅकिंग आणि ऑइल सील सर्वात आधी बदलणे शहाणपणाचे. दीर्घकाळ उभी ठेवायची असेल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून ठेवावी.

घरच्या गॅरेजमध्ये जिवाला धोका कशाचा?

पहिला धोका पेट्रोलच्या वाफेचा. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते. कोपऱ्यातला गॅस गीझर, देवघरातली समई किंवा विजेच्या बटणाची ठिणगीही तिला पुरते. म्हणून टाकी किंवा कार्ब्युरेटरचे काम उघड्यावर करावे. पेट्रोलने भाग धुण्याची सवय सोडावी. कोरड्या पावडरचे अग्निशामक किंवा वाळूची बादली हाताशी असावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकू नये, त्याने आग पसरते.

दुसरा धोका दिसत नाही. इंजिनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो. शटर ओढून ‘दोनच मिनिटे’ गाडी चालू ठेवणे त्यामुळे जीवघेणे ठरू शकते. इंजिन चालू करायचे तर गाडी बाहेर काढावी.

तिसरा धोका घाईचा. गाडी मेन स्टँडवर नीट उभी आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय चाक काढू नये. इंजिन चालू ठेवून चेन पुसताना फडके आणि त्याबरोबर बोटे स्प्रॉकेटमध्ये ओढली जातात. हे काम इंजिन बंद करून, चाक हाताने फिरवत करावे. ब्रेकच्या आतली धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

जळके ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतणे हा गुन्हा आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. बंद डब्यात साठवून ते पुनर्प्रक्रियेसाठी जमा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्यावे.

कोणती कामे घरी करावीत, कोणती नाहीत?

नवशिक्याने सुरुवात टायरमधील हवा, चेनची साफसफाई आणि ताण, एअर फिल्टर, प्लग, बॅटरीची टर्मिनले, केबलना तेल आणि इंजिन ऑइल यांपासून करावी. ऑइलचा दर्जा, प्लगमधील अंतर, चेनचा ढिलेपणा यांचे आकडे मालकाच्या पुस्तिकेत दिलेले असतात, अंदाजाने काम करू नये. बोल्ट ‘हाताला लागेल तितका’ आवळल्याने अॅल्युमिनियममधले आटे जातात आणि शंभर रुपयांचे काम हजारांवर जाते. त्यामुळे ठरावीक जोराने आवळणारा टॉर्क पाना ही पहिली मोठी खरेदी असावी. सुटे भाग काढताना मोबाइलवर टप्प्याटप्प्याने छायाचित्रे घ्यावीत आणि बोल्ट ज्या भागाचे त्याच डबीत ठेवावेत. जोडताना वायसर उरला, तर गाडी पुन्हा उघडायची.

ब्रेकचे काम सराव नसताना एकट्याने करू नये. ब्रेक ऑइल ओलावा शोषते, रंग खराब करते आणि नळीत हवा राहिली तर लिव्हर ऐनवेळी पोकळ लागतो. एबीएसचे मोड्युलेटर, इंजेक्शनची दाबाखालील नळी, पुढचे शॉकअॅब्सॉर्बर आणि वाकलेली चॅसिस ही कामे जाणकाराकडेच द्यावीत.

ई-दुचाकीत तर हात आणखी आखडता घ्यावा. २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या, वजनाची मर्यादा पाळणाऱ्या ई-बाइकना नोंदणीतून सूट आहे. तिची वेगमर्यादा काढली की ही सूटही जाते आणि ती विनानोंदणी, विनाविमा मोटारसायकल ठरते. लिथियम बॅटरीचे कवच घरी उघडणे हा तर सरळ आगीशी खेळ.

थोडक्यात कसोटी कोणती?

काम झाल्यावर गाडी उत्पादकाच्या पुस्तिकेशी जुळते का, हा एक प्रश्न बहुतेक शंका सोडवतो. जुळत असेल तर ती दुरुस्ती आहे आणि तो मालकाचा हक्क आहे. जुळत नसेल तर तो बदल आहे आणि पाना उचलण्याआधी परिवहन कार्यालयाला विचारावे लागेल. मात्र ही कसोटी न्याय्य ठरायची असेल, तर ती पुस्तिका मालकाच्या हाती पोहोचायला हवी. सायलेन्सरवर रोडरोलर फिरवणे सोपे आहे. गाडी स्वतः दुरुस्त करू पाहणाऱ्या पिढीला बिघाडाचा संकेतांक, सुट्या भागाचा क्रमांक आणि योग्य माहिती मिळवून देणे अवघड आहे. घरचे गॅरेज पुढेही शिकण्याची जागा राहील की नाही, हे या दुसऱ्या कामावर ठरेल.